रेघेच्या आत

शेळीनं बॉल तोंडात धरला तर काय, हे पुस्तकात नाही.
अंपायरच्या मुखवट्यात अडकला तर काय, ते आहे:
खेळ थांबतो, रनर एकेक बेस पुढे.
एकवीस वर्षांत एकदाच अडकला, बार्शीच्या मुलांच्या मॅचला.
मला दिसत होती फक्त लाल शिवण, नाकाच्या शेंड्यावर,
आणि सगळे ओरडत होते, बॉल कुठंय, बॉल कुठंय.

इनफिल्ड फ्लाय समजावता समजावता मी म्हातारी होईन.
झेल घ्यायच्या आधीच बाद?
पालक विचारतात, काय बे, हा कसला खेळ?
मी सांगते, झेल मुद्दाम सोडून
दोघींना एकदम बाद करता येऊ नये म्हणून.
लबाडी मनात यायच्या आधीच तिचा बंदोबस्त.
ते मान हलवतात
आणि पुढच्या ओव्हरची वाट बघतात.

आज होम मैदान. गड्डा उठून आठवडा झाला,
पाळण्याच्या खुंट्यांची भोकं अजून नीट बुजलेली नाहीत.
शेवटची इनिंग, बरोबरी, दोन बाद.
कुर्डुवाडीची पोर दुसऱ्या बेसवरून निघाली
ती तिसऱ्याला वळसा घालून सुसाट होमवर.
नाचल्या सगळ्या. बाटल्यांतलं पाणी उडालं.

तिसरा बेस म्हणजे वाळू भरलेलं साखरेचं पोतं.
चार बोटांनी चुकला तिचा पाय.
मी पाहिलं.

आणि नियम असा की पाहिलेलं आपल्याजवळ ठेवायचं.
हात वर नाही, आडवा नाही, भुवईसुद्धा नाही.
फिल्डिंगवाल्यांनी बॉल घेऊन, बेसला टेकून विचारलं
तरच सांगायचं.
तेही पिचर आणि इनफिल्डच्या सगळ्याजणी
रेघेबाहेर जायच्या आत.
एक जरी आत उरली तरी हक्क जिवंत.
शेवटचं पाऊल पलीकडे पडलं
की मी पाहिलेलं घडलंच नाही.

आई विडी कारखान्याच्या खिडकीशी
हजार मोजून द्यायची.
चेकर मूठभर उचलून छाटात टाकायचा.
चांगल्या होत्या. तिला माहीत, त्यालाही माहीत.
सूप काखेत मारून ती गेटाबाहेर पडायची
आणि घरी चुलीपुढं तेलुगूत जे काय बोलायची
ते ऐकायला खिडकी नव्हती.

पिचर रडत गेली. शॉर्टस्टॉप गेली.
पहिल्या-दुसऱ्या बेसच्या दोघी गळ्यात हात टाकून.
तिसरीची पोर गेली नाही.
नऊ नंबर, बोल्ली, शर्ट गुडघ्यापर्यंत,
नुसती पोत्याकडे बघत उभी.

मी वाकून होम प्लेट झाडली.
झाडण्यासारखं काही नव्हतं.
मग पुन्हा झाडली.
असं रेंगाळणं म्हणजे खूण करणं होतं का?
पुस्तकात नाही.

कोच ओरडला, बोल्ली, चल गं, रिक्षा थांबलीय.
तिनं एक पाय रेघेकडे टाकला.
थांबली.
आणि ओरडली, मराठीत नाही, घरच्या बोलीत:
अनुषा, बंती इय्यवे!

कॅचरनं जाळीपाशी पडलेला बॉल उचलून फेकला.
तो खुंटीच्या भोकाला लागून भलतीकडेच उसळला,
तिनं छातीवर अडवला, कळवळली,
पोत्यावर उभी राहिली दोन्ही पायांनी,
आणि माझ्याकडे न बघता, पोत्यालाच विचारल्यासारखं,
मॅडम, ती इथं टेकलीच नव्हती ना?

शेवटी 'ना' लावून विचारलं
तर ते अपील धरायचं की नाही,
कुणी लिहून ठेवलेलं मला आठवेना.
मूठ तोवर वर गेली होती.